आडव्या खोडावरची अळंबी

तीन वर्षांपूर्वी वादळात ते झाड आडवं झालं, तेव्हापासून अख्खं रान त्याच्या जिवावर जगत होतं. सालीत वाळवी, ढोलीत बेडूक, पाठीवर हातभर वाढलेली रोपं, अन् पावसाळ्यात कुशीला पांढरी अळंबी. लाकूडतोड्याचं काम पावसात बंद, मग त्याच्या घरातही तेवढंच कालवण. पण त्यात एखादी विषारी निघाली तर? म्हणून घरची रीत अशी, की आधी सुनेनं खायची. दुपार टळेपर्यंत ती धडधाकट राहिली की मग बाकीच्यांनी.

सुनेनं टोपली चुलीपाशी आदळली. "या वर्षी मी नाही चाखणार. अंगावर पाजतेय मी."

"आल्या राणीसाहेब!" सासू कडाडली. "हा तुझा नवरा पोटात होता तेव्हाही मी चाखली. मेला का हा?"

"याच्याआधीचे दोन कशानं गेले मग, आई?"

सासूच्या हातातली फुंकणी थांबली. त्या दोघांचं नाव या घरात कुणी काढत नसे.

लाकूडतोड्या करवतीला कानस मारत होता. त्यानं बायकोच्या मांडीवरच्या पोराकडं बघितलं, मग आईकडं.

"आई, तूच चाख. तुझं काय राहिलंय आता?"

पाणी मागावं इतक्या सहज म्हणाला.

शिजल्यावर सासूनं वाटीभर कालवण घेतलं अन् उंबऱ्यावर बसून खाल्लं.

सून दुपारभर तिच्यावर नजर ठेवून होती. घाम फुटतोय का, ओठ निळे पडतायत का. एकदा सासूनं पोट धरलं. सून ताडकन उठली, अन् आधी कालवणाचं पातेलं नवऱ्यापासून लांब सरकवलं.

"वात आहे," सासू तिकडूनच म्हणाली. तिनं सगळं पाहिलं होतं. "जेवा आता."

दोघं पोटभर जेवली. पातेल्यात काही उरलं नाही. सासूचं खाऊन झालंच होतं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंसुद्धा नाही. लेकानं वाटी थेट उंबऱ्यावर नेऊन ठेवली. सासू बसली, नातवाकडं बघत सुनेला म्हणाली, "हाही बायको आणेल. तीही पाजती असेल. तोवर ही जागा तुझ्यासाठी उबदार ठेवते गं."

सुनेनं पोराला घट्ट धरलं. त्यानं डोळे मिटून, नवे फुटलेले दात तिच्या अंगात रोवले.