मिनिटाला तेहतीस फेरे

मी एक रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. खरं तर 'बोलतोय' म्हणायचा मला फारसा हक्क नाही. मला स्वतःचा आवाज नाही. माझ्यावर तबकडी ठेवून सुई टेकवली की जो आवाज येतो, तो नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असतो. पण आज थोडं माझं सांगायचं आहे. एका घरात मी चाळीसहून जास्त वर्षं एक गोष्ट चुकीची सांगत राहिलो, आणि ती चूक आत्ता कुठे दुरुस्त झाली.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका कामगार बाईनं मोटर बसवली, दुसरीनं फिरती थाळी, तिसरीनं सुईचा हात. टेबलाच्या टोकाला एक चष्मेवाला माणूस बसायचा. थाळीच्या कडेला तो कागदाचा कपटा चिकटवायचा आणि घड्याळ समोर ठेवून तो कपटा एका मिनिटात किती वेळा फिरून येतो ते मोजायचा. तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश. तेवढे भरले की पाठीवर शिक्का. माझ्या पाठीवर तो शिक्का अजून आहे. म्हणूनच कदाचित माझ्यावर कुणी शंका घेतली नाही.

दुकानाच्या फळीवर वर्षभर धूळ खाल्ल्यावर मला एका तरुण शिंप्यानं विकत घेतलं. त्याच्या काखेत पोस्टानं आलेलं एक चपटं पाकीट होतं. आधी त्यानं गळ्यातल्या टेपनं माझी लांबी-रुंदी मोजली, कारण त्याच्या खोलीत तीन खाटांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट होती. मग पाकिटातली तबकडी काढून विचारलं, ही यावर वाजेल ना?

दुकानदारानं ती उजेडात धरली. काही ठिकाणी पैसे भरून तीन मिनिटं बोललं की ते तबकडीवर कोरून देत, तसली ती होती. जगात एकच प्रत. तो म्हणाला, वाजेल, पण हिचा थर मऊ असतो, दर वेळी सुई थोडं खाते, तेव्हा जपून लावा. शिंप्यानं हे वाक्य आयुष्यभर पाळलं. फक्त तेवढंच पाळलं.

आवाज त्याच्या बायकोचा होता. तो दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला होता. ती दीड वर्षाच्या मुलीला घेऊन घरी होती. त्या संध्याकाळी खोलीतल्या सोबत्यांनी ताटं बाजूला सारली आणि मी फिरू लागलो. 'अहो, ऐकताय ना? हा माणूस म्हणतोय तीनच मिनिटं, म्हणून घाईघाईनं बोलते.' पुढे शेजारच्यांची खबर, छपराची गळती, मुलीचे दात. आणि शेवटी, 'पोरीनं अगदी दमवलंय मला. पाठच सोडत नाही. या आता लवकर.'

सात महिन्यांनी तो मला मांडीवर घेऊन बसनं घरी आला. तेव्हा तिनं स्वतःचा आवाज माझ्यावर एकदाच ऐकला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगंबाई, ही मी? कसली चिवचिवते!"

पुढल्या वर्षी आठ दिवसांच्या आजारात ती गेली.

त्यानंतर शिंप्यानं वर्षातून एकदाच मला वाजवायचं ठरवलं. ती गेली त्या तारखेला, दुपारी, गावात काढलेलं शिलाईचं दुकान बंद ठेवून. एरवी मला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. शिलाई मशिनला तो दर शनिवारी तेल देई, तिच्या पोटातली सुतं चिमट्यानं काढी. मला मात्र त्यानं कधी आतून साफ केलं नाही. हात लावला आणि काही बिघडलं तर, ही त्याची भीती. माझ्या थाळीच्या दांड्याखालचं तेल घट्ट होत होत डिंकासारखं झालं. मला ते जाणवत नव्हतं. आपण सावकाश फिरतोय हे फिरणाऱ्याला कसं कळणार?

मुलगी चार वर्षांची असताना थाळी फिरवणारा माझा रबरी पट्टा तुटला. तसा पट्टा बाजारात मिळेना. शिंपीच तो. त्यानं सुती फीत माप घेऊन कापली, टोकं एकमेकांवर ठेवून बारीक टाक्यांनी शिवली आणि मोटरवरून थाळीला घातली. टाके सुरेख होते. पण गुळगुळीत चाकावर फीत घसरते, आणि दर वर्षी ती जराशी सैल पडत गेली. दोन वर्षांनी सुई मध्येच उडू लागली, तेव्हा त्यानं कोटाचं एक पितळी बटण सुईच्या डोक्यावर दोऱ्यानं बांधलं. सुई उडायची थांबली. ती आता तबकडीत रुतून चालू लागली.

अशा रीतीनं तिचा आवाज जड होत गेला, इतका हळूहळू की कुणाच्या लक्षात आलं नाही. शिंपीही म्हातारा होत होता. तो आणि मी बरोबरीनं मंदावलो असंच म्हणायचं.

मुलगी शब्द समजण्याएवढी झाली तेव्हा तिच्या आईचा आवाज खोल आणि थकलेला झाला होता. 'पोरीनं अगदी दमवलंय मला.' त्यानंतर एक लांब सुस्कारा. मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला पाहिलं आहे. माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावून ती ते वाक्य ऐकायची आणि मग दिवसभर घरात पायाचा आवाज न करता वावरायची. शिंपीही त्याच वाक्याला मान खाली घालायचा. दोघं माझ्या दोन बाजूंना बसत. एकमेकांना कधी काही विचारत नसत. वाक्य संपलं की तो सुई उचलायचा आणि ती उठून भांडी घासायला घ्यायची.

गेल्या वर्षी त्या तारखेला मी फिरलोच नाही. मोटर गुणगुणली, थाळी जागची हलली नाही. आता शहात्तर वर्षांचा झालेला शिंपी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिनं चौकशी करून एका निवृत्त रेडिओ मेकॅनिकला घरी आणलं. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. मला पाहून तो म्हणाला, "छान. याला स्पीकर एक, मला कान एक. जमेल आमचं."

शिंप्यानं बजावलं, नुसतं फिरतं करा, बाकी काही बदलू नका.

मेकॅनिकनं आधी तबकडी बघितली. खिडकीशी नेऊन तिरकी धरली, बोट लावलं नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ही आता एकदाच नीट वाजेल. दुसऱ्यांदा खरखरच निघेल. म्हणून आधी मशिन पुरतं लावतो, मग तबकडी. चालेल?"

मुलगी म्हणाली, "लावा. मला एकदा नीट ऐकायचंय."

त्या दुपारी मला पहिल्यांदा कुणी आतून पुरतं उघडलं. दांड्याखालचं काळं तेल चिंधीवर निघालं. मेकॅनिकनं फीत काढून शिंप्याच्या हातात दिली आणि शिवणीची तारीफ केली. बटण सोडवून छोट्या वजनकाट्यावर ठेवलं, आकडा वाचला, आणि तो आकडा मोठ्यानं सांगितला नाही. नुसतं म्हणाला, यानं तबकडी बरीच खाल्लीय. शिंप्यानं बटण मुठीत घेतलं. ती मूठ मग दिवसभर उघडली नाही.

माझ्या एका पायाखाली पोस्टकार्डाची घडी घालून मेकॅनिकनं मला सपाट केलं. थाळीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत घडी कमी-जास्त केली. नवी सुई बसवली. सुईच्या हाताच्या मागचं वजन फिरवत फिरवत अशा जागी आणलं की हात ना वर ना खाली, हवेत नुसता तरंगत राहिला. मग तिथून मोजून दोन ग्रॅम पुढे. मला माझ्याच हाताची ओळख नव्यानं होत होती.

शेवटी त्यानं कागदाचा कपटा थाळीच्या कडेला चिकटवला. मला तो कारखान्यातला चष्मेवाला आठवला. आधी त्यानं शिंप्याची फीत पुन्हा चढवून मोजलं. तेल साफ झालेलं असूनही तीसच फेरे भरले. मग नवा रबरी पट्टा घातला. तेहतीस, आणि वर थोडं.

"म्हणजे इतके दिवस?" मुलीनं विचारलं.

"इतके दिवस सावकाश, ताई. साफ करण्याआधी तर याहूनही."

शिंपी उठून उभा राहिला. ती फीतच बरी होती, तीच घाला, असं तो म्हणाला. मुलीनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, आपला फोन रेकॉर्डिंगला लावून माझ्याजवळ ठेवला आणि सुई स्वतःच्या हातानं टेकवली.

'अहो, ऐकताय ना?'

एक हलका, भरभर बोलणारा आवाज. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.

"ही ती नाही," शिंपी म्हणाला. "बंद करा. हा तिचा आवाज नाही."

मुलीचा हात सुईकडे गेला आणि हवेतच थांबला. मेकॅनिक पुटपुटला, "मास्तर, ऐकू द्या. परत मिळायचं नाही."

छपराची गळती झाली. दात झाले. 'पोरीनं अगदी दमवलंय मला,' ती म्हणाली, आणि 'दमवलंय'वर तिचा आवाज फुटला. हसू दाबताना फुटतो तसा. 'पाठच सोडत नाही. या आता लवकर.' आणि मग, इतकी वर्षं ज्याला मी सुस्कारा म्हणून ऐकवत आलो, ते तिचं हसणं होतं. मागे कुठेतरी एक लहान मूलही खिदळत होतं. ते तर माझ्या जुन्या सुईला कधी सापडलंच नव्हतं.

सुई आतल्या कडेला जाऊन फिरत राहिली. मुलीनं सुईचा हात उचलून जागेवर ठेवला.

"बाबा, ती हसतेय."

"हं."

"मला वाटायचं, मी तिला फार छळलं."

शिंप्यानं मुठीकडे पाहिलं. "मला वाटायचं, मी. तिला एकटीला टाकून गेलो म्हणून." मग तो म्हणाला, "किती लहान होती गं. तुझ्या निम्म्या वयाची."

मेकॅनिक आपली हत्यारं पिशवीत भरत राहिला. नेहमीपेक्षा सावकाश.

आता मी खिडकीशी सपाट फळीवर असतो. ती तबकडी माझ्या शेजारी उभी आहे, पण माझ्यावर ती पुन्हा यायची नाही. तिच्या पाकिटात फीत आणि बटण ठेवलं आहे. ठेवलं शिंप्यानंच.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर जपायचं म्हणून ते बंद करून ठेवू नका. उघडा, पुसा, तेल द्या, आणि ते जे सांगतंय ते एकदा मोजून बघा. त्या दोघांनी मला क्षमा केली आहे की नाही, मी विचारलेलं नाही. पण दर रविवारी दुपारी मुलगी माझं झाकण उघडते, थाळीवर काहीच न ठेवता मोटर सुरू करते आणि कपट्यावर नजर ठेवून मोजते. शिंपी घड्याळ हातात घेऊन बसतो आणि मिनिट भरलं की म्हणतो, "थांब."

"तेहतीस," ती म्हणते.

"आणि वर थोडं," तो म्हणतो.