जिन्यावरून पडलेली

"वाक! आणखी वाक! जमिनीला कान दे, पोरी. चेंडू कुठं जाणार ते आधी जमिनीला कळतं."

हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माझ्या हातातली काठी माझ्याहून उंच होती. बांबू आगीवर शेकून, टोक वाकवून केलेली काठी, आणि बांबूच्याच मुळाचा चेंडू. भात कापून झालेल्या शेतात धुकं अजून निजलेलं असायचं. अनवाणी तळव्यांखाली धसकटं टोचायची आणि बांधावर मनसिद टेटेकाका उभे असायचे, खांद्यावर गमछा, तोंडात साल वृक्षाचं दातवण. गावचे हॉकी कोच. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पण मांदराचा ढोल वाजला की पाय जसे आपोआप उचलतात, तशा सेमरटोलीच्या पोरी त्या आवाजावर धावायच्या.

मीही धावले. धावता धावता शाळेच्या संघात, मग जिल्ह्याच्या, मग थेट राज्याच्या हॉकी प्रशिक्षण सेंटरवर. तिथं पायात पहिल्यांदा बूट आले. राष्ट्रीय शिबिरासाठी नाव लागलं त्या दिवशी गावात नगारा वाजला म्हणे.

मग नाताळच्या सुट्टीत घरी आले, आणि गावाचा खस्सीचा अंतिम सामना होता.

आमच्याकडं चषक-बिषक कुणी विचारत नाही. जिंकणाऱ्या गावाला खस्सी मिळतो, खच्ची करून पोसलेला, काळा कुळकुळीत बोकड. तो गावात येतो, शिजतो, आणि वर्षभर त्याची चव गाव सांगत राहतं. सेंटरचा नियम साफ होता: बाहेरचा कुठलाच सामना खेळायचा नाही. मी काकांना तसं सांगितलंही. ते एवढंच म्हणाले, "गावाच्या मातीचा नियम नाही का काही?"

मी खेळले. दुसऱ्या डावात गोलपुढं माझा गुडघा आतल्या आत वळला. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. पण तुम्हाला एवढं सांगते की सामना संपेपर्यंत मी मैदानातच होते आणि खस्सी आमच्याच गावात आला; त्याच्या नाचात माझं लंगडणं काकांशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. बसथांब्यावर काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तिथं सांग, हॉस्टेलच्या जिन्यावरून पडले. खरं कळलं तर आपल्या गावच्या पोरींना पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

तसंच सांगितलं. माझ्या मागं येणाऱ्या पोरींसाठी सांगितलं. शिबिर गेलं, खेळ गेला. आणि वर्षं सरली तशी काकांच्या तोंडी ती सोय राहिली नाही, शिवी झाली.

"जिना उतरता येईना, आणि निघाली होती देशासाठी खेळायला!"

विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, तांदळाच्या दारूच्या, हंडियाच्या मडक्याभोवती, सगळीकडं मी जिन्यावरून पडलेली. रांचीला राहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. लंगडत का होईना, शिट्टी वाजवायला शिकले, पोरींचे पाय बघून त्यांची दुखणी ओळखायला शिकले. गावच्याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नेमणूक मागून घेतली. वाटलं होतं, गाव दार उघडेल. गावानं बाज अंगणात टाकली, पण बसायला कुणी म्हणालं नाही.

"आली मास्तरीण," काका मैदानाच्या कडेला थुंकले. "स्वतःला जमलं नाही ते दुसऱ्यांना शिकवणार."

त्यांच्यासमोर मी शाळेच्या मैदानात पोरी उभ्या केल्या. पहिल्या महिन्यात निम्म्या आल्या नाहीत. ज्या आल्या त्या मुद्दाम चेंडू नाल्यात मारायच्या. एक मात्र रोज यायची, कारण तिला खेळल्याशिवाय राहवायचं नाही. एमलेन, काकांचीच नात. तिच्या काठीवर चेंडू असा चिकटायचा जसा मोहाच्या फुलावर भुंगा. सुरुवातीला ती मला दीदी म्हणायची.

यंदा सेंटरच्या निवडीत एमलेनचं नाव लागलं. सोमवारी हजर व्हायचं, हजर होताना डॉक्टरची तपासणी. आणि रविवारी शेजारच्या कुरुमडेगा गावाशी खस्सीचा अंतिम सामना.

शनिवारी काका शाळेच्या व्हरांड्यात आले. बसले नाहीत.

"एमलेन उद्या खेळणार. मध्ये येऊ नको."

"काका, सोमवारी तपासणी आहे तिची. काही लागलं तर..."

"लागलं तर, लागलं तर! कोच आहेस की म्हातारी? कुरुमडेग्याच्या पोरी मागच्या साली आपल्या वेशीवर खस्सी नाचवून गेल्या. विसरलीस?"

"मी काही विसरले नाही."

 ते हसले. "मग कळव ना सेंटरला. लिही, की पोर नियम मोडते. तुझ्याच हातानं तिचं नाव काप. बघू किती जीव आहे तुझा पोरींवर."

माझी वाट त्यांनी अचूक अडवली होती. कळवलं तर एमलेन जाणार, नाही कळवलं तर तिचा पाय मैदानात जाणार. आणि तिला थांबवू शकेल असं एकच खरं माझ्याकडं होतं, तेच मी गिळून बसले होते. काकांचं नाव गावात आहे म्हणून गिळलं होतं. कुणाच्या आवाजावर मी वाढले ते मला माहीत होतं, म्हणूनही.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि चर्चमधून अख्खं गाव थेट मैदानात. लाल मुरमाची धूळ उडत होती. गोलामागच्या खुंटाला खस्सी बांधला होता, गळ्यात झेंडूची माळ, आणि तो निवांत माळच खात होता. मी कडेला उभी राहिले तशी बायकांच्या घोळक्यातून एमलेनची आई, सुसाना, गाऊ लागली. आमच्यात गाण्यातून मारलेल्या टोमण्याला कुणाला उलटून बोलता येत नाही.

*उंच उडालं पाखरू गं, डोंगरापल्याड गेलं*
*पंख कुठं ठेवून आलं, पायी परत आलं*

बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "जिन्यावर विसरलं असेल!" मग तर टाळ्याच पडल्या.

मी एमलेनपाशी गेले. ती काठीला चिंध्या गुंडाळत होती.

"एमलेन, आज नको. एक दिवस. सोमवारनंतर तुला कुणी अडवणार नाही."

"मॅडम," ती म्हणाली. दीदी नाही, मॅडम. "तुम्हाला मी पुढं गेलेली बघवत नाही का?"

"तसं नाही गं."

"तुम्ही जिन्यावरून पडलात. मी पडत नाही. मी आजाची नात आहे."

काका तिथंच होते. मी त्यांच्याकडं वळले. "काका, तुम्ही सांगा तिला. मी सांगणार नाही."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "हिला हाकला रे कुणी मैदानातून! अपशकुनी बाई. स्वतःचं तंगडं मोडलं, आता दुसऱ्यांच्या पायाशी बसते रडायला." दोघा पोरांनी मला दंडाला धरून दोरीबाहेर काढलं. एक ढेकूळ येऊन पाठीवर फुटलं. कुणी मारलं ते मी वळून बघितलं नाही.

शिट्टी झाली. एमलेन खेळली आणि खरं सांगते, माझा राग, माझी भीती विसरून मी तिचा खेळ बघत राहिले. ती वाकायची तेव्हा जमिनीशी बोलत असल्यासारखी वाकायची. पहिल्या डावात तिनं एक गोल केला. कुरुमडेग्यानं फेडला. मग त्यांच्या दोघींनी ठरवलं, चेंडू सोडायचा आणि एमलेनला धरायचं. अनवाणी नडगीवर काठी बसली, खाड्कन. एमलेन कोसळली.

 कुरुमडेग्याकडून हुर्यो उठली.

ती उठली. एक पाय टेकवत नव्हती, तरी उठली. दातांत ओठ धरून म्हणाली, "काही नाही झालं. खेळते मी."

"उठली, उठली!" सुसाना ओरडली. "ह्याला म्हणतात पोर!"

कोच मैदानात उतरत नाही, पंच बोलावील तेव्हाच उतरतो. काका उतरले. पंचाला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं, एमलेनचं मनगट धरलं आणि ओढत तिला दोरीकडं आणू लागले.

"आजा, सोड! मी खेळते म्हणते ना!"

"बाहेर चल."

"बरोबरी आहे आजा! खस्सी जाईल!"

"जाऊ दे!"

लोक दोरीवर कोसळले. सरपंच ओरडला, "टेटे, डोकं फिरलं का तुझं? पोर स्वतः म्हणते खेळते!" सुसाना तर सासऱ्याच्या अंगावरच धावून आली. "बा, तुम्हीच तिला आणलंत, आता तुम्हीच नाक कापता? गावाला तोंड काय दाखवू मी?" मागून कुणीतरी पुन्हा ते गाणं सुरू केलं, ह्यावेळी काकांच्या नावानं. पंच शिट्टीवर शिट्टी मारत होता.

काकांनी एमलेनला माझ्यापुढं आणून उभं केलं. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्या नडगीवर हात ठेवला. हाड शाबूत होतं, सूज चढत होती. तिनं पाय झटकला. "हात लावू नका मला. तुमच्यामुळं झालं हे. तुम्ही आजाच्या डोक्यात भरलंत. स्वतः भित्र्या, म्हणून..."

"गप!" काका गरजले.

"का गप? सगळं गाव म्हणतं! तूच म्हणतोस, आजा! ही जिन्यावरून..."

"जिना नव्हता!"

एमलेन थांबली.  काका रागात होते. कुणावरचा राग ते त्यांनाही माहीत नसावं. ते बोलले ते शिवी दिल्यासारखंच बोलले.

"कसला जिना? इथं गेला हिचा गुडघा, ह्या मैदानात. मी बघितला जाताना. ही म्हणाली, काका, नको. दोनदा म्हणाली. मी हिला पुन्हा आत ढकलली."