पोलाद की रबर

“ह्याच्यात तेल कुणी घातलं?” मी गाडीखालूनच ओरडलो.

मागच्या दांड्यांच्या टोकांचे रबरी बुश फुगून चिकट झाले होते, आणि वास चक्क करडीच्या तेलाचा. बिरूमामाने बायकोकडे पाहिलं.

“म्या घातलं,” बानाबाई म्हणाली. “कुईकुई करत हुतं बिचारं. कोकरं बिचकायची.”

मी कपाळाला हात लावला. तेलाने रबर कुजतं, हे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो. ऐकतंय कोण! मेंढीचा खूर दुखो की माणसाचा कान, हिचं औषध एकच. गाडीलाही तेच मिळालं.

बिरूमामा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतो, तो पावसाळ्यालाच परततो. कोकरं, भांडीकुंडी आणि कंबर गेल्यापासून बानाबाई, हे सगळं त्याच्या जुन्या छोट्या ट्रकमधून जातं. तिला हादरे बसू नयेत म्हणून मीच मागचे कडक पाटे काढून स्प्रिंगा आणि चार दांड्या बसवून दिल्या होत्या. दांडीच्या टोकाला रबर असलं की ते हादरा खातं, पण झिजतं. पोलादी जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो, पण रस्त्यातला खडान्‌खडा वर पोचवतो.

“गंगापूरच्या पुढं रानात बुश फुटला,” मामा म्हणाला. “मेंढरं बिनपाण्याची ताटकळली. औंदा पोलाद घाल, अंगदा.”

“आन् मामीचं काय?”

“सोसलं तर येईल. नायतर राहील सुनंकडं, शहरात शिडकोत.”

“मला काय हुतंय?” बानाबाई लगेच म्हणाली. “घाल पोलाद.”

गिऱ्हाईक म्हणेल ते बसवायचं. मी पोलादी जॉइंट बसवले आणि गाडी दौलताबादच्या रस्त्याला नेली. मामा माझ्या शेजारी, बानाबाई मागे पोत्यावर. मुद्दाम कच्च्या वाटेने एक फेरी मारून परत आलो.

“कसं वाटलं गं?” मामाने खाली उतरून विचारलं.

“लई झ्याक.”

मी मागचं फळकुट खाली पाडलं. ती हलली नाही. दोन्ही हातांनी गाडीचा कठडा धरलेला, ओठ पांढरे. मला स्वतःचीच चीड आली. कळत असून बसवलं होतं मी. पाना उचलला.

“आता काय करतूस?” मामा म्हणाला. “ती झ्याक म्हणाली ना!”

“म्हणाली. उतरली कुठं?”

मामा फळकुटापाशी येऊन आत वाकला.

“दुखतंय व्हय?”

“दुखतंय,” ती म्हणाली. “सून लई चांगली हाय, आयतं ताट पुढं ठिवती. पर चार भित्तीत बसून मी दिसभर करू काय? जल्म मेंढरांमागं गेला माजा. हादरं सोसंल मी. मला मागं ठिवू नका.”

मामाने पागोटं काढून तोंड पुसलं.

“रबर घाल,” तो मला म्हणाला. “फुटलं तर फुटलं. थांबू तिथंच. आन् दुसरा जोड संगं दे.”

मी जॅक लावला. “मामी, खाली या. गाडी वर उचलायचीय.”

“राहू दे,” ती म्हणाली. “मी उतरले, की ह्यांचं मन फिरंल.”

मी मामाकडे पाहिलं. तो चाकापाशी बसून चप्पल झटकत होता. मी पुढच्या चाकांना दगड लावले आणि तिच्यासकट गाडी हळूहळू वर घेतली.