कॉलरच्या आतलं नाव

मी झारचा झगा बोलतोय. काचेला नाक लावून बघू नका, माझी लाज जाते. सोनं नाही ते. आत गोणपाट, वर सरस आणि सोनेरी भुकटी. व्होल्गाकाठच्या आमच्या नाटकगृहात शिवणकाम करणाऱ्या कापितोलिनाबाईंनी मला शिवलं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे कॉलरच्या आत जांभळ्या पेन्सिलीने नटाचं नाव लिहिलं: झिखारेव.

अवेर्यान झिखारेवने मला बावीस वर्षं घातलं. नाटक जुनं, भावाला मारून गादीवर बसलेल्या आणि त्याच पापाने खचून मरणाऱ्या झारचं. शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा रडायची. पण घरी बटाटे सोलायला बसली की विसरायची, हे त्याला फार लागायचं.

मग त्याच नाटकाचा सिनेमा निघाला आणि झारच्या कामासाठी त्याला बोलावणं आलं. माझी घडी घालताना तो कापितोलिनाबाईंना म्हणाला, "आता मेलो तरी राहीन बघा."

कॅमेऱ्याने आम्हा दोघांना जवळून पाहिलं. माझं गोणपाट उघडं पडलं, त्याचं ओरडणंही. दिग्दर्शक वाईट नव्हता. हळू बोला, डोळ्यांनी बोला, असं तीन दिवस सांगत राहिला. पण जन्मभर शेवटच्या रांगेसाठी बोललेल्या माणसाला ते जमेना. चौथ्या दिवशी मॉस्कोहून देखणा नट आला, अंगावर खऱ्या जरीचा झगा.

"तुमची चाल मात्र त्याला येत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "पाठमोरे प्रसंग तुम्ही कराल? लांबून हाच झगा चालेल."

अवेर्यान हो म्हणाला. त्या होकाराचा मला अजून राग येतो.

सिनेमा गावात लागला, तेव्हा कापितोलिनाबाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनीच मागाहून कपडेघरात सांगितलं. झार मरणाकडे चालत गेला आणि सगळे हुंदके देऊ लागले. तेव्हा अवेर्यान म्हणाला, "ती पाठ माझी आहे." दिग्दर्शकाला हवं होतं, अगदी तितक्या हळू.

पुढच्या रांगेतली बाई वळली. "गप्प बसा हो आजोबा. आम्हाला झार बघू द्या की."

त्याने मला पुन्हा अंगाला लावलं नाही. दोन हिवाळ्यांनी तो गेला.

आता मी नाटकगृहाच्या दारातच काचेत उभा आहे. खाली पाटी आहे, सिनेमातल्या झारचा झगा. शेजारी त्या देखण्या नटाचा फोटो. लोक फोटोकडे बघून उसासे टाकतात.

मला झाडू नका, रंगवू नका. फक्त एकदा काच उघडा आणि माझी कॉलर उलटी करा. पेन्सिल पुसट झालीय, पण जवळून बघितलं तर वाचता येतं.