पाच म्हणजे पाच

माझ्या नणंदेला, चोल्पोनायला, मी आधीच बजावलं होतं की तिकिटावर साडेतीन छाप. आमच्या काराकोलमध्ये लग्नाच्या पत्रिकेवर पाच लिहिलेलं असलं, की लोक पाचला अंघोळीला जातात आणि साडेसहाला उगवतात. पण बाईसाहेब ऐकतील तर शपथ. म्हणाली, "वहिनी, हे लग्न नाही, माझा कार्यक्रम आहे. पाच म्हणजे पाच."

तर बरोबर पाचला मी जुन्या सिनेमागृहाच्या दारात तिकिटं घेऊन बसले होते आणि आत एकशे चाळीस खुर्च्यांवर अकरा माणसं होती. त्यात चार परदेशी गिर्यारोहक, ते तर पावणेपाचलाच हजर. दोन म्हाताऱ्या गालिचे करणाऱ्या, आणि बाकीचे तिची गाणी मोबाइलवर ऐकून थेट बालिकचीहून बसने आलेले. नव्वद जणांनी फोनवर नक्की येतो म्हणून सांगितलं होतं. येतो म्हणायला आमच्याकडे कुणाचं काय जातं?

आणि सहा वाजता तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागायचा होता. बारा वर्षं चोल्पोनायने संगीतशाळेत मुलांना कोमुझ, म्हणजे आमचं तीन तारांचं वाद्य, शिकवलं. सुट्टीच्या दिवशी लग्नात वाजवायची, तेही खोटं. मागे ध्वनिमुद्रण लावायचं, हिने नुसती बोटं फिरवायची आणि समोर लोक जेवत बसायचे. दोन महिन्यांपूर्वी तिने राजीनामा दिला. आता स्वतःची गाणी, स्वतःचे कार्यक्रम, आणि पोट त्याच्यावरच. शाळेच्या मुख्याध्यापकांना सगळा गाव आगाय म्हणतो, म्हणजे गुरुजी. हिलाही त्यांनीच घडवलेलं. ते म्हणाले, "पहिल्या कार्यक्रमापर्यंत तुझी नोकरी राखून ठेवतो. त्या दिवशी सहाला फोन करीन. येतेस की नाही, तेवढं एका शब्दात सांग."

तो फोन घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सभागृह भरलं तर नाही म्हणायचं, रिकामं राहिलं तर येते म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं.

मी तिला म्हटलं, थांबू या, लोक येतील. तर ही म्हणाली की जे वेळेवर आले त्यांना शिक्षा कशाला? आणि पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली.

खरं सांगते, मी हिला बारा वर्षं ऐकत होते, पण असं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या गाण्याला मी दार उघडं टाकून आत सरकले. तिसऱ्याला म्हाताऱ्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. बालिकचीच्या पोरी तर तिच्याबरोबर शब्दन् शब्द म्हणत होत्या, आणि हिचे गाल लाल झालेले.

सहा वाजले. माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. मी मोजलं, अकराच. दोन गाण्यांच्या मध्ये मंचाजवळ गेले आणि फोन तिच्यासमोर धरला. ठरल्याप्रमाणे उत्तर सरळ होतं, तरी मला ते आपल्या तोंडाने द्यायचं नव्हतं.

तिने खुर्च्यांकडे बघितलं. म्हणाली, "वहिनी, अकरा जण आहेत आणि एकही जेवत नाहीये. सगळे ऐकतायत. नाही म्हणून सांग."

मला आधी रागच आला. मग कुठून कोण जाणे, इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी फोनवर जवळजवळ ओरडलेच, "नाही येत ती." आगाय नुसतं "बरं" म्हणाले. त्यांच्या मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

साडेसहाला गाव उगवला. उंची कोट, पिसांच्या टोप्या, कडेवर पोरं, आणि बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, एक पिशवीसुद्धा. सगळ्यांचा एकच प्रश्न, अजून सुरू झालं नाही ना? आत तर शेवटचं गाणं चाललं होतं. बोर्सोकची पिशवी मी दारातच काढून घेतली. चोल्पोनायने गर्दी बघितली, मला बघितलं, हसली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आधीच्या अकरांतलं कुणीही जागचं हललं नाही.

सगळ्यात शेवटी बायकोला घेऊन आगाय आले. मी म्हटलं, तिकीट. ते म्हणाले, मी तिचा गुरू. मी म्हटलं, तरी तिकीट. त्यांनी निमूटपणे घेतलं. मग मी जरा खवळूनच विचारलं, की तिची नोकरी आता कुणाला देणार?

"ती तर सोमवारीच दिली," ते म्हणाले. "आयझातला. चांगली मुलगी आहे."

"मग आज फोन कशाला केलात?"

"तो 'नाही' शब्द मला तिच्याच तोंडून ऐकायचा होता," ते म्हणाले. "पण फोन तू घेतलास."

सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आगाय टोपी काढून मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि संपेपर्यंत तसेच उभे होते.