ऐकण्याच्या खोलीतला पंखा

मित्रांनो, पंखा म्हटले की तुम्ही वर छताकडे बघता. मी तिथे नाही. मी एक जुना पंखा आहे आणि संगणकाच्या पेटीत राहतो. तुमच्या तळहाताएवढा, काळ्या प्लास्टिकचा, सात पात्यांचा. संगणकाचा सगळा विचार करणारा जो भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. तो काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो आणि त्या ठोकळ्यावर मी. तिथली गरम हवा हटवायची, एवढेच माझे काम.

मला चार तारा आहेत. दोन तारांमधून वीज येते. तिसरीवरून मी किती वेगाने फिरतो आहे ते कळवतो. चौथीवरून मला हुकूम येतो, की हळू फिर, जरा जोरात फिर, पूर्ण जोरात फिर. माझ्या आयुष्यात जे बरेवाईट झाले ते या चौथ्या तारेमुळेच झाले.

माझा कारखाना कुठे होता ते मला सांगता येणार नाही. एका यंत्राने पाती ओतली, दुसऱ्याने तांब्याची तार गुंडाळली, एका बाईने मला बोटाने फिरवून पाहिले आणि खोक्यात ठेवले. बरेच महिने मी अंधारात होतो. खोके उघडले ते जळगावात, तोतारामभाऊंच्या दुकानात. तोतारामभाऊ संगणक जोडतात आणि दुरुस्त करतात. त्यांनी मला एका नव्या पेटीत बसवले आणि ती पेटी सावद्याला प्रेमराजशेठच्या कचेरीत नेली.

प्रेमराजशेठ केळी बाहेरगावी पाठवायचे. कचेरीला पत्र्याचे छप्पर होते. मार्च लागला की सकाळी दहालाच ते तापायचे. तोतारामभाऊंनी पेटीला हात लावून पाहिले आणि म्हणाले, "ऊन सावद्याचं आहे. हा पंखा सारखा पूर्ण जोरातच राहू दे." त्यांनी सेटिंगच्या पानावर तसे नोंदवले. तेव्हापासून मी मिनिटाला दोन हजार फेरे मारू लागलो. सकाळी, दुपारी, थंडीत, उन्हात, तेवढेच.

मोठ्याने गुणगुणल्यासारखा माझा आवाज व्हायचा. पण बाहेर ट्रक सुरू असायचे, हमाल एकमेकांना हाका मारायचे, शेठ फोनवर बोलायचे. माझा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. शेठ आल्यागेल्याला सांगायचे, "आमचं मशीन उन्हाळ्यातसुद्धा बंद पडत नाही." ते मशीनचे कौतुक होते. त्यात मी होतो, पण माझे नाव नव्हते. पाच वर्षांत पेटी कुणी उघडली नाही. माझ्या पात्यांवर धुळीचा थर बसला. मग शेठनी नवा संगणक घेतला आणि तोतारामभाऊ आम्हाला परत दुकानात घेऊन आले.

तिथून मी जळगावातल्याच पिंप्राळ्याला आलो, ज्योत्स्नाताईंकडे.

ज्योत्स्नाताई लोकांचे कान तपासतात. त्यांच्या दवाखान्यात पुढे बाकांची एक छोटी खोली आहे आणि मागे तपासणीची खोली. तपासणीच्या खोलीला आतून जाड स्पंज लावलेला आहे, दाराला रबर आहे. दार लावले की रस्त्यावरची रिक्षासुद्धा ऐकू येत नाही. माणसाने आत बसायचे, कानांवर हेडफोन लावायचा आणि बारीकसा सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे. कधी खालचा सूर, कधी वरचा, हळूहळू आणखी बारीक. काचेच्या पलीकडे बसून ताई कागदावर खुणा करतात.

खोली बांधली तेव्हा ताईंनी धुळ्याच्या एका माणसाला बोलावून आतला आवाज यंत्राने मोजून घेतला होता. खोली उत्तम ठरली होती. पण त्यानंतर तपासणीचे जुने यंत्र बिघडले. नव्या यंत्राला संगणक लागत होता. पुढच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून आमची पेटी तपासणीच्या खोलीतच टेबलाखाली, भिंतीला टेकवून ठेवली गेली. पहिल्या दिवशी ताई वाकून म्हणाल्या, "थोडा आवाज आहे." आठवड्याने त्यांना तोही ऐकू येईनासा झाला. रोजच्या आवाजाचे असेच होते.

मी सावद्याला फिरत होतो तसाच फिरत राहिलो. मला दुसरे कुणी काही सांगितले नव्हते.

फेब्रुवारीत निंबा नाना आले. ते धुळ्याचे. साठीला आलेले. तबले आणि डग्गे बनवायचे, जुने सुरात लावून द्यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यांची मुलगी किरण जळगावात बँकेत नोकरी करते आणि पिंप्राळ्यातच राहते. तिने त्यांना आणले होते. एका गिऱ्हाईकाने सूर बरोबर लागला नाही म्हणून तबला परत केला होता, तेव्हापासून नानांच्या मनात भीती बसली होती.

तपासणी झाली. ताईंनी कागद पुढे ठेवला आणि सांगितले, "नाना, खालचे सूर तुम्हाला बरेच कमी ऐकू येतात. वरचेही थोडे कमी आहेत."

नानांनी कागदाकडे पाहिले नाही. "बाई, मन्हा धंदाच आवाजना शे," ते अहिराणीत म्हणाले. "कान गया म्हंजे बठ्ठं गयं." म्हणजे कान गेले की सगळेच गेले.

"आबा, मशीन लावता येतं कानाला," किरण वडिलांना म्हणाली.

नाना उठले आणि दाराकडे निघाले.

महिना-दीड महिन्याने ती त्यांना पुन्हा घेऊन आली, कानाचे मशीन लावून बघायला. नाना आत खुर्चीवर बसले होते. दारात उभी राहून किरण ताईंना हळू आवाजात सांगत होती. "त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, मॅडम. दुरुस्तीला आलेले डग्गे तसेच परत दिले. हातोडीला हात लावला नाही तेव्हापासून. दिवसभर ओट्यावर बसून असतात."

ताई मशीनचा डबा आणायला बाहेर गेल्या. दार लागले. खोलीत नाना आणि मी, दोघेच. त्यांनी अजून हेडफोन घातला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग बोटाने गुडघ्यावर हलका ठेका धरला आणि तो थांबवला. ते खुर्चीवरून उठले, टेबलाखाली वाकले आणि पेटीच्या जाळीसमोर तळहात धरला. पाच वर्षे आणि काही महिने मी फिरत होतो. माझ्याकडे असा कान देणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

ताई आत आल्या तेव्हा ते तसेच वाकलेले होते.

"काय झालं, नाना?"

"आठे काहीतरी घुमी राह्यनं," नाना म्हणाले. "सूर शे. काळी पाच."

काळी पाच म्हणजे हार्मोनियमवरची पाचवी काळी पट्टी. ताईंना संगीत येत नव्हते. किरणला येत होते. तिने फोनवर हार्मोनियमचा सूर लावला आणि फोन पेटीजवळ धरला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले.

ताईंच्या सगळे लक्षात आले. तपासणीत वाजणारा सर्वांत खालचा सूर माझ्या सुराच्या अगदी शेजारचा होता. तो बारीक झाला की माझ्या आवाजाखाली झाकला जायचा. त्यापुढच्या सुराचेही थोडेफार तसेच व्हायचे. माणूस बटण कसे दाबणार?

"ज्यांना एवढा बारीक आवाज ओळखता येतो," ताई म्हणाल्या, "त्यांना खालचं ऐकू येत नाही असं मी लिहून दिलं."

त्यांनी घाईने पेटीची बाजू उघडली आणि माझ्या चारही तारांचा प्लग ओढून काढला. मी थांबलो. खोली शांत झाली. नानांनी हेडफोन घातला आणि तपासणी पुन्हा सुरू झाली. खालचा सूर आला, नानांनी बटण दाबले. आणखी बारीक आला, तेव्हाही दाबले. काचेपलीकडे किरण हात घट्ट धरून बसली होती.

पण एप्रिल सुरू झाला होता आणि माझ्याखाली प्रोसेसर तापत चालला होता. मला ते कळत होते, करता काही येत नव्हते. सहा-सात मिनिटांत पडदा काळा झाला. संगणक जळू नये म्हणून आपणहून बंद पडला. तपासणी अर्धवट राहिली.

नानांनी हेडफोन काढला. "मन्हा हातथीन काही बिघडनं का?"

"नाही, नाना," ताई म्हणाल्या. "माझ्या हातून बिघडलं."

तोतारामभाऊ संध्याकाळी आले. त्यांनी पेटी बाहेर अंगणात नेली आणि ब्लोअर मारला. सावद्याची पाच वर्षांची धूळ उडाली. ती त्यांच्या शर्टावर बसली. "याने तर गोधडीच पांघरली होती," ते म्हणाले. मग पातळ काडीने एकेक पाते पुसले, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, पण आता सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि सेटिंगचे पान उघडले. तिथे सावद्याचा हुकूम तसाच होता.

"चूक माझी आहे, ताई," ते म्हणाले. "मशीन इथे देताना हे बदलायचं राहिलं."

"मग आता पंखा कायमचा हळू करून टाका."

"तसंही चालणार नाही. बंद केला तर मशीन बसतं, हळूच ठेवला तर मे महिन्यात बसेल. त्याला उष्णता बघून फिरू द्यायचं."

त्यांनी पडद्यावर एक चढती रेघ आखली. पन्नास अंशांपर्यंत मी सहाशे फेरे घ्यायचे. साठला हजार. त्यापुढे जसा ताप वाढेल तसे वाढत जायचे आणि ऐंशीला पूर्ण जोर. क्षणभर गरम झाले म्हणून लगेच धावायचे नाही, चार-पाच सेकंद थांबून बघायचे, तेही त्यांनी नोंदवले. मग पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली, म्हणजे मागून हवा खेळेल. धूळ गेल्यामुळे प्रोसेसर मुळातच कमी तापत होता. मी सहाशेवर आलो. पेटीला कान लावला तरच मी ऐकू येत होतो.

तरीही ताईंनी लगेच तपासणी केली नाही. धुळ्याच्या त्या माणसाला पुन्हा बोलावले आणि संगणक सुरू ठेवून खोलीतला आवाज मोजून घेतला. आकडे ठीक आले. तोवर दोन दिवस नाना किरणच्या घरी राहिले.

तिसऱ्या दिवशी तपासणी पूर्ण झाली. ताई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"खालचे सूर चांगले आहेत, नाना. तुमच्या वयाच्या मानाने फारच चांगले. पण वरचे सूर कमी ऐकू येतात. वयाने, आणि चाळीस वर्षं हातोडीचे घाव ऐकून तसं होतं. हे पंख्याचं नाही. हे खरं आहे."

नानांनी या वेळी कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे डग्गा मन्हा शे. तबलानी चाट मन्ही नही."

डग्ग्याचा आवाज खालचा, घुमणारा. चाट म्हणजे तबल्याची कडेची पट्टी. तिचा बारीक, खणखणीत आवाज जुळला नाही तर तबला परत येतो. तसाच तो परत आला होता.

"चाट मी ऐकते, आबा," किरण म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय. ओट्यावर अभ्यास करताना तुमचा सूर कधी लागला ते मला आपोआप कळायचं. तुम्ही मला कधी विचारलं नाही."

नानांनी तिच्याकडे पाहिले. "धुयाले यीशी?"

"रविवारी येईन. दर रविवारी."

ते दोघे गेले. ताईंनी जानेवारीपासूनची यादी काढली. आमची पेटी त्या खोलीत आल्यापासून तेवीस जणांची तपासणी झाली होती. नाना सोडून बावीस. त्यांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. "माझ्या खोलीत आवाज होता. तुमची तपासणी चुकली असेल. पुन्हा या." हेच वाक्य त्या बावीस वेळा बोलल्या. काही जणांनी आभार मानले. एकाने खूप सुनावले, म्हणाला की असल्या दवाखान्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. ताईंनी मधे न बोलता ऐकून घेतले.

अठरा जण आले. काहींना खरोखरच कमी ऐकू येत होते, तसे त्यांना पुन्हा सांगितले गेले. काहींना नव्हते. त्यांत एरंडोलकडच्या एका खेड्यातल्या भिकुबाई होत्या. शांत खोलीत त्यांनी एकही सूर सोडला नाही. ताईंनी तसे सांगितल्यावर त्या शेजारी बसलेल्या सुनेकडे वळल्या. "माले ऐकू येस ना? मंग हाई दोन महिना मन्हा कानम्हा काब्र वरडनी?" सून खाली मान घालून हसू लागली. दोन महिने ती बिचारी सासूच्या कानाशी ओरडून बोलत होती.

मित्रांनो, आता मी खरोखर जुना झालो आहे. माझ्या मधल्या दांडीतले तेल सुकत चालले आहे. थंडीत सुरू होताना मी थोडा करकरतो. दिवाळीला मला बदलून नवा पंखा बसवू, असे तोतारामभाऊ म्हणाले आहेत. मला त्याचे दुःख नाही. पंख्याचे एवढेच आयुष्य असते.

तुमच्या घरी, शाळेत संगणक असेल. त्याला भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याच्यावर कापड टाकू नका. सहा महिन्यांतून एकदा मोठ्या माणसाला सोबत घेऊन आतली धूळ काढा. आतला पंखा ओरडत असेल तर चिडून त्याला बंद करू नका, तो कशाने ओरडतो ते बघा. आमच्यासारख्यांना एकदा दिलेला हुकूम आम्ही मरेपर्यंत पाळतो. जागा बदलली की तो बदलायला मात्र कुणीतरी यावे लागते.

आणि एखाद्याला ऐकू येत नाही असे म्हणण्याआधी आपल्या खोलीत काय वाजते आहे, ते एकदा थांबून ऐका.