पट्टी एक वीत वर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे. नदीवरच्या पुलाच्या पहिल्या खांबाला मला ठोकले आहे. खरे तर सुरुवात माझ्या जन्मापासून करायला हवी, पण मला आधी आठवते ते एक पत्र. ते पुस्तकवाल्या काकांना आले होते आणि त्याचे उत्तर त्यांनी वर्षभर दिले नव्हते.

माझा जन्म सुताराच्या पडवीतला. त्याने मला रंधा मारून गुळगुळीत केले, पांढरा रंग दिला आणि एकेक वितीच्या अंतरावर एक ते बारा आकडे काढले. नदीकाठच्या लोकांनी मिळून एक नदीसमिती केली होती. पाणी किती आहे हे आधी कळले, तरच ते राखायचे कसे हे ठरवता येईल, असे त्यांचे म्हणणे. आकडा रोज वहीत लिहायचे काम काकांनी घेतले. ते पूर्वी वाचनालय सांभाळायचे. माणसांशी बोलताना अडखळायचे, माझ्याशी मात्र मोकळे बोलायचे.

मला एकच कोडे होते. हे पाणी येते कुठून? माझ्या अंगावरून कधी अनोळखी झाडाची पाने जायची, कधी लोकरीचा पुंजका, एकदा तर काकांच्या डोळ्यांदेखत लाल रंगाची एक चप्पल गेली. तिची जोडीदारीण वर कुठे राहिली असेल? वरच्या अंगाला कोण राहते? मी खिळलेली, जाऊन बघणार कशी!

मग एका पुरात माझे खिळे निखळले. सुतार मला परत ठोकायला आला तेव्हा काका म्हणाले, "जरा वर ठोकतोस का रे? खालचे आकडे वाचायला गुडघे वाकत नाहीत आता."

"वर तर वर," सुतार म्हणाला आणि त्याने मला एक वीत वर ठोकले. ही गोष्ट वहीत लिहायची राहून गेली. मलाही काही वाटले नाही. उलट दृश्य जरा बरे दिसू लागले.

त्याच सुमारास वरच्या गावच्या लोकांनी ओढ्यांवर दगडी बांध घातले. चाळीस घरांनी स्वतःच्या हातांनी दगड वाहिले. थोड्या दिवसांनी तिथल्या मेंढपाळ बाईंचे पत्र आले. काकांनी ते पायरीवर बसून मला वाचून दाखवले.

"काका, बांधांमुळे आमची माती वाहून जायची थांबली, आटलेला झरा पुन्हा लागला. पण तुमचं पाणी कमी झालं का? झालं असेल तर संकोच न करता सांगा. बांध आम्ही घातले, आम्हीच फोडू. नदी काही आमच्या एकट्यांची नाही."

काकांनी वही उघडली. गेल्या वर्षी याच दिवसांत पाच, यंदा चार. त्यांचा चेहरा उतरला. "खरं लिहावं तर त्यांचे बांध जातात. आणि माझं वाचणं तरी बरोबर असेल कशावरून? चार दिवस बघतो, मग लिहितो." पत्र खिशात गेले. चार दिवसांचे वर्ष झाले.

वही शेवटी समितीपुढे आलीच. पुलाखालच्या पायऱ्यांवर सभा भरली. गिरणीवाला तावातावाने म्हणाला, "आकडे बोलतात! वरच्यांनी आपल्या तोंडचं पाणी पळवलं. आजच्या आज कळवा, बांध फोडा म्हणावं!"

बरेच हात वर झाले. तेवढ्यात पाण्यात कपडे आपटणारी परटीण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कमी कुठं झालंय? माझ्या दगडाला विचारा की! काका पाच म्हणायचे, तेव्हा पाणी या खाचेला लागायचं. आज चार म्हणताय, आणि बघा, खाचेलाच आहे."

"दगडाला आकडे येतात होय गं?" गिरणीवाल्याने टोमणा मारला. लोक हसले.

"आकडे येत नाहीत, पण तो जागचा हलत नाही!"

काका एकदम माझ्याकडे बघू लागले. धोतर सावरत ते पाण्यात उतरले, कण्हत वाकले आणि माझ्या पायाखाली चाचपू लागले. तिथे खांबात जुन्या खिळ्यांची भोके होती. माझ्या खालच्या खिळ्यांपासून बरोबर एक वीत खाली.

ते सरळ झाले आणि लोकांकडे वळले. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांना घाम फुटायचा. तरी ते बोलले. "पाणी कमी झालेलं नाही. पट्टी वर गेली आहे. मीच सांगितलं होतं, माझ्या गुडघ्यांसाठी. चूक माझी."

"म्हणजे आम्ही वरच्यांना फुकट शिव्या घातल्या?" गिरणीवाला म्हणाला.

"घातल्यास तू," परटीण म्हणाली. "माझं नाव घेऊ नकोस."

मित्रांनो, मी वर्षभर चुकीचे सांगत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्या नदीवर माझी एखादी बहीण असेल, तर तिचा आकडा जरूर वाचा. पण तिचा पाय जागेवर आहे ना, हेही अधूनमधून बघत जा. आणि काठावर रोज काम करणाऱ्या माणसालाही विचारा.

सुताराने मला त्याच दिवशी खाली ठोकले. काकांनी पायरीवर बसून पत्र लिहिले आणि सगळ्यांना वाचून दाखवले. "ताई, उत्तराला वर्ष लागलं, माफ करा. पाणी होतं तेवढंच आहे. बांध राहू द्या."

"आम्ही बघायला येतो म्हणावं," गिरणीवाला खाली मान घालून म्हणाला. "दगड वाहायला हातही लावू."

काकांनी तेही लिहिले. मग माझ्याकडे बघून आणखी एक ओळ लिहिली, "आणि लाल चप्पल कुणाची हरवली होती, तेवढं कळवा."

पुलाच्या तोंडाशी टपालपेटी आहे. काका तिथवर गेले, पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला आणि पत्र आत टाकले.